ओठ आवळ, मंजुळा

कोपर, डोंबिवली पश्चिम
२४ सप्टेंबर २०२५

देवरामदादास,

लांबूनच नमस्कार.

पत्र बघून तू दचकशील. पण फोनवर माझं नाव दिसलं की तू कट करतोस. गोदावहिनीच्या फोनवर केला तर मागून "मी घरी नाय म्हणून सांग" असं तुझ्याच आवाजात ऐकू येतं. मग राहिलं पोस्ट. पोस्टमनला काही तू कट करू शकत नाहीस.

बातमी अशी की आमच्या करिश्माचं लग्न ठरलं. मुलगा माजिवड्याचा, नाव सुदेश, वागायला गरीब आहे. सात फेब्रुवारीला हळद आणि आठला लग्न. हे आमंत्रण नाही. आमंत्रण दिलं तर तू परत आठ वर्षांपूर्वीचा टेम्पो काढशील. हळदीला मामाला त्याच्या दारातून वाजत आणायची आपली रीत, आणि माझ्या प्राप्तीच्या हळदीला, चाळीस वर्षं ब्रास बँड चालवलेल्या सख्ख्या भावाच्या दारात मी डीजेचा टेम्पो पाठवला. तू तो दारातूनच परत धाडलास. मामाशिवाय माझ्या पोरीला हळद लागली. "मंजुळाशी या जन्मात एक शब्द बोलणार नाही" असं तू म्हणालास ते अख्ख्या कोपरीने ऐकलं, त्यामुळे आता तुला मागे फिरता येत नाही हे मला समजतं.

माझं काम वेगळंच आहे. मला ट्रम्पेट शिकायचंय. एक जुनं हाती लागलंय. चोपन्नाव्या वर्षी कशाला, ते विचारू नको. राघो तुझ्या बँडमध्ये पंचवीस वर्षं साईड ड्रम वाजवत होता, म्हणून आधी नवऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, "फुकायचा, वाजतंय." मी फुंकलं. नुसती हवा गेली आणि आतून सुक्या बोंबलाचा वास आला, कारण माळ्यावर ते सुकटीच्या डब्याला टेकून होतं.

शिकवशील का? बोलू नकोस, नुसतं लिही.

मंजुळा


कोपरी, ठाणे पूर्व
१ ऑक्टोबर २०२५

मंजुळा,

आशीर्वाद आहेत. बोलणं नाही.

मी बोलणार नाही असं म्हटलं होतं, लिहिण्याचा विषय तेव्हा निघाला नव्हता. गोदाला विचारलं, तिचंही मत तसंच पडलं, म्हणून लिहितो.

करिश्माचं ऐकून आनंद झाला. ट्रम्पेट तू तिच्या हळदीत वाजवणार असा माझा अंदाज आहे. वाजवू नको. नवरीच्या आईने हळदीत नाचावं, रडावं, जेवण कमी पडेल म्हणून घाबरावं. तिच्या हातात ट्रम्पेट म्हणजे लोकांना महिनाभराचा विषय. पण शिकायला आलेल्याला मी कधी दारातून परत पाठवलं नाही. टेम्पोची गोष्ट वेगळी, तो शिकायला आला नव्हता.

पहिला धडा असा की ट्रम्पेटला हात लावायचा नाही. ओठ मिटायचे, दोन्ही कडा आवळायच्या, मधला भाग सैल सोडायचा आणि त्यातून हवा काढायची. मासळी साफ करताना ओठाला खवलं चिकटतं, हात घाण असतात, मग ते तोंडानेच उडवतेस ना, तसं. ओठ थरथरले पाहिजेत आणि माशी अडकल्यासारखा आवाज आला पाहिजे. गाल फुगवू नको. गाल फुगवणारा फोटोत बरा दिसतो, पण त्याची हवा गालातच राहते.

हे रोज पंधरा मिनिटं, दहा दिवस. मग माऊथपीस ओठांना लावून तेच करायचं. माऊथपीस टेकवायचा, दाबायचा नाही. राघोला सांग, ट्रम्पेट फुंकून वाजत नाही. वाजतात ते ओठ, ट्रम्पेट फक्त त्यांना मोठं करतं. पंचवीस वर्षं माझ्या मागे उभं राहून त्याला एवढं कळलं नाही.

देवराम


कोपर
१४ ऑक्टोबर २०२५

देवरामदादा,

तुझा धडा मी बाजारात केला, कारण घरी बसायला वेळ कोणाला आहे. पाटीपाशी बसून ओठ आवळले आणि थरथरवले. समोर एक बाई पापलेट उलटून बघत होती. "मावशी, ताजं आहे ना?" असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून नेमकं तेव्हाच प्रर्र निघालं. तिला वाटलं मीच माझ्या पापलेटाला नावं ठेवते, ती निघून गेली. बाजूच्या पाटीवरची लक्ष्मी म्हणाली, "गो मंजुळा, वारा लागला काय तुला?" मी सांगितलं, भाऊ शिकवतोय. ती म्हणाली, "तो कुठं बोलतंय तुझ्याशी?" मी म्हटलं, बोलत नाही, शिकवतोय.

माऊथपीसमधून आता बदकासारखा आवाज येतो. राघो म्हणतो ही प्रगती आहे.

आणि एक चांगलं काम केलंय. ट्रम्पेट अगदी काळं पडलेलं. दिवाळीसाठी देव आणि समया घासायला काढल्याच होत्या, म्हणून त्यांच्याबरोबर तेही चिंच आणि राख लावून घासलं. आत हात जाईना, तर चिंचेचं पाणी ओतून खळखळून हलवलं. आता असं झळकतंय की त्यात बघून कुंकू लावावं. फक्त तिन्ही बटणं खाली गेली ती वर येत नाहीत. याला काय करतात?

मंजुळा


कोपरी
२० ऑक्टोबर २०२५

मंजुळा,

दिवाळीत कोणाला वाईट बोलू नये म्हणून गोदाने मला आधीची दोन पत्रं फाडायला लावली. हे तिसरं.

ट्रम्पेट हा तांब्या नाही. त्याच्या बटणांच्या नळ्यांत केसाएवढी जागा असते, तिथे आता तुझ्या चिंचेचा कोळ बसलाय. तिन्ही बटणं वरची टोपणं फिरवून बाहेर काढ. प्रत्येकावर आकडा कोरलेला आहे, ज्या भोकातलं त्याच भोकात परत गेलं पाहिजे. कोमट पाणी, मऊ फडकं. नंतर वाद्यांच्या दुकानात बटणांचं तेल मिळतं ते दोन-दोन थेंब. खोबरेल नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण तुला मी लहानपणापासून ओळखतो. एवढं करूनही दुसरं बटण जरा हळूच वर येईल. त्याच्या नादी लागू नको, ते तसंच आहे.

आता दम. तू सकाळी बाजारात "बोंबील ताजं" म्हणून ओरडतेस ते पार स्टेशनच्या जिन्यापर्यंत जातं. तो आवाज गळ्यातून येत असता तर तुझा गळा कधीच बसला असता. तो पोटातून येतो. कंबरेला हात लावून ओरडून बघ, हात बाहेर ढकलला जाईल. तीच हवा ट्रम्पेटला द्यायची. खांदे उचलून छातीत हवा भरशील तर दुसऱ्या सुराला चक्कर येईल. हवा आधी निघाली पाहिजे, ओठ तिच्यावर वाजले पाहिजेत, आणि जीभ सुरुवातीला नुसती "तू" म्हणून बाजूला झाली पाहिजे. एकही बटण न दाबता असा एक लांब सूर काढ. तो आपला सा.

बाकी सगळ्यांना दिवाळीचे आशीर्वाद. फराळ पाठवू नको, माझं बोलणं बंद आहे.

देवराम


कोपर
८ नोव्हेंबर २०२५

देवरामदादा,

सा आला. मंगळवारी दुपारी, दूध उतू जात असताना. आधी ओठांची माशी, मग एकदम जाडसर, सरळ आवाज, असा की माझाच आहे यावर विश्वास बसेना. दूध गेलं तर गेलं. राघो आंघोळीतून तसाच डोकावला आणि म्हणाला, "देवरामदादा आला काय?" तो असं म्हणाला आणि मला फार वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र तक्रार गेली. मग मी कपाटातल्या गोधड्यांत भोंगा खुपसून वाजवते. प पण आला. सा आणि प दोन्हींना एकही बटण नाही, नुसते ओठ आवळले की सा चा प होतो, ही तर जादूच आहे.

पण तीन गोष्टी एका वेळी होत नाहीत. बोटांकडे बघितलं तर दम अडकतो. दमाकडे लक्ष दिलं तर ओठ सुटतात. ओठ धरले तर बोट मागून पोचतं आणि मधेच एक भलताच सूर शिंकून जातो. राघो ग आणि ध ची बोटं सांगतो, तर दोन्हीला पहिलं आणि दुसरं बटण. मी म्हटलं, तू विसरलायस. त्याने शपथ घेतली. असं कसं असेल? मला ध हवा असतो तेव्हा हमखास ग येतो.

आणि दादा, बटणं तू म्हणालास तशी साफ केली. पहिलं आणि तिसरं टणाटण वर येतात. दुसरं हळू येतं. तुला हे इथे न येता कसं कळलं?

मंजुळा


कोपरी
१५ नोव्हेंबर २०२५

मंजुळा,

दुसरं बटण सगळ्याच ट्रम्पेटांचं हळू असतं.

राघोने या वेळी खरं सांगितलं. ग ला आणि ध ला बोटं तीच. बोटं फक्त दार उघडतात, आत कोण बसलंय ते ओठ आणि दम ठरवतात. ध हवा तर कडा आवळायच्या आणि हवा जोरात सोडायची, माऊथपीस मात्र दाबायचा नाही. तू घाबरतेस, हवा कमी करतेस आणि मग ओठ ग वर येऊन बसतात. वर जाताना माणूस नेहमी हवा वाचवायला बघतो. तिथेच द्यायची असते.

तीन गोष्टी एका वेळी होत नाहीत म्हणतेस. तू तांदळाची भाकरी थापतेस तेव्हा एक हात फिरवतो, दुसरा थापतो, आणि डोळा चुलीकडे असतो. आई शिकवायला बसली तेव्हा तुझ्या पहिल्या भाकरीचा आकार मला आठवतो. ती आपल्या कुत्र्यानेही हुंगून सोडली होती. आता तू त्याकडे बघतही नाहीस. तर एकेक वेगळं करून घे. बाजारात बसल्या बसल्या पाटीच्या कडेवर उजव्या हाताची तीन बोटं चालव: सा मोकळा, रे ला पहिलं-तिसरं, ग ला पहिलं-दुसरं, म ला पहिलं, प मोकळा. तोंडाने सूर म्हणत जा. बोट सुराच्या आधी खाली गेलं पाहिजे, बरोबर नाही, नंतर तर नाहीच. आठवडाभराने त्यात दम घाल. ओठ शेवटी.

ट्रम्पेट डाव्या हाताने धर आणि भोंगा वर ठेव, जमिनीला मुजरा करू नको. भोंग्याच्या कडेला जो पोचा आहे तिथे बोट लावायची सवय लावून घेऊ नको, पत्रा धारदार आहे, कापेल.

देवराम


कोपर
२९ नोव्हेंबर २०२५

देवरामदादा,

पोचा आहे हे मी तुला कधी लिहिलं?

मी काही बोलले नसते. पण तू दोन महिने मला लपाछपी खेळवतोस आणि मी पण खेळते, आता पुरे. हे तुझंच ट्रम्पेट आहे. पहिल्या पत्रात मी माळा लिहिलं तेव्हाच तू ओळखलंस. तू ते राघोला देऊन "ठेव तुझ्याकडे, कोणाला दाखवू नको" म्हणालेलास, आणि राघोने ते माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

तेव्हा त्याने मला का ते पण सांगितलं. तू त्याला शपथ घातलेलीस, पण माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत असायला हवं होतं. माजिवड्याच्या वरातीत नाचणाऱ्याचं कोपर भोंग्याला लागलं आणि माऊथपीस तुझ्या दातांवर बसला. वरचे पुढचे दात गेले. तू लोकांना सांगितलंस, डीजे आले म्हणून बँड बंद केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी प्राप्तीची हळद होती. आपल्याकडे देवराम दिसला की कोणीतरी त्याच्या हातात ट्रम्पेट देतंच. ब्रास बँड पाठवला असता तर त्यांनी तुझ्या दारातच तुला मान म्हणून वाजवायला लावलं असतं, आणि अख्ख्या गल्लीसमोर तुझी फजिती झाली असती. मी चार दिवस विचार केला. डीजेच्या टेम्पोत हातात द्यायला काहीच नसतं. म्हणून तो टेम्पो, दादा. तुझा अपमान करायचा म्हणून नाही.

हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर मला दातांचं माहीत आहे हे तुला कळलं असतं. आठ वर्षं मी तुझं गुपित राखलं आणि तू माझ्यावर रुसून बसलास. आता मला पण राग आलाय.

मंजुळा


कोपर
२८ डिसेंबर २०२५

देवरामदादा,

महिना झाला, पत्र नाही. रागावला असशील तर तसं लिही. तेही लिहिणंच आहे.

बोटं आता आधी पोचतात. सा रे ग म प नीट येतात. ध अजून येत नाही.

मंजुळा


कोपरी
८ जानेवारी २०२६

मंजुळा,

तुझं पत्र आलं तेव्हापासून रोज कागद घेऊन बसतो. गोदा म्हणते, एवढ्यात तिकडे चालत गेला असतास.

तुला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. मी खरं लिहितो. टेम्पो दारात आला तेव्हा राग आला, पण त्याच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. हळदीत कोणीतरी ट्रम्पेट देईल या भीतीने मी तीन दिवस जेवलो नव्हतो. टेम्पो बघितला आणि वाटलं, आता रागावलो की घरी राहता येईल. मग एवढा मोठ्याने रागावलो की परत यायला वाट ठेवली नाही. तुझ्या पोरीच्या हळदीला मी माझ्या दातांपायी आलो नाही. तुझ्यावर आठ वर्षं ढकललं. माझं चुकलं.

कवळी केली आहे. बोलायला, जेवायला ठीक. पण माऊथपीस टेकवला की हलते. गल्लीत कोणाला ठाऊक नाही. मी तोंडाला रुमाल लावून हसतो, लोकांना वाटतं म्हातारा झाल्यावर अदब आली.

म्हणून करिश्माच्या हळदीला मी येत नाही. रागाने नव्हे. तिथे परत तेच होईल, ट्रम्पेट पुढे येईल, आणि देवराम वाजवू शकत नाही हे त्या पोरीच्या हळदीत कळायला नको. लोकांना मी होतो तसाच आठवू दे. आपल्या काकांचा संदेश आहे, तोही मामाच. त्याला माझ्या जागी वाजत ने.

त्याच्यासाठी आपल्या बँडची मामाला आणायची चाल देतो, ही मीच बसवलेली, सगळ्यात सोपी आहे: सा सा ग प, प ध ध प. परत परत तेच. वाजवायचीच असेल तर संदेशच्या दारात वाजव. ध ला हवा वाचवू नको. ओठ आवळ.

देवराम


कोपर
१७ जानेवारी २०२६

देवरामदादा,

बरं.

ज्याला मामा म्हणून आणायचंय त्याच्या दारात हीच चाल वाजवेन. ध आला तर आला.

मंजुळा


कोपर
१३ फेब्रुवारी २०२६

देवरामदादा,

तू आत होतास आणि दार बंद होतं, म्हणून बाहेर काय झालं ते लिहिते. नंतर हळद, लग्न, जेवणावळी यांत दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत, आणि बोलायला लागले की तू मधेच ट्रम्पेट कसं धरावं ते सांगायचास.

सात तारखेला दुपारी निघालो. टेम्पो काळुरामचाच, आठ वर्षांपूर्वीचाच. या वेळी त्यात डीजे नव्हता. राघो आणि त्याचा ड्रम, लक्ष्मी आणि बाजारातल्या पाच जणी पिवळ्या लुगड्यांत, आणि मांडीवर ट्रम्पेट घेऊन मी. काळुराम वाटेत तीनदा म्हणाला, "मावशी, या वेलेला पन परत पाठवला तर मी कोपरीत परत येनार नाय."

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. तुझ्या समोरची सरस्वती खिडकीत होती. ती ओरडली, "कोन गो? मंजुळा? नवरीची आय कशी आली? आयने नाय यायचा असतो." मी म्हटलं, माहीत आहे. राघोने ड्रम सुरू केला. मी ट्रम्पेट उचललं आणि सगळं विसरले. ओठ कोरडे, दम खांद्यात. पहिल्यांदा नुसती हवा गेली. गल्लीतली चार-पाच माणसं दारात आली होती, त्यातलं कोणीतरी हसलं. मग तू लिहिलेलं आठवलं, मी डोळे मिटले आणि बाजारात बसलेय असं समजून पोटातून हवा काढली. सा आला. दोन्ही सा आले. ग आला, प आला. बोटं आधी पोचली, दादा, प्रत्येक वेळी. मग दोन प नंतर जिथे ध यायचा तिथे ग.

परत सुरुवात केली. परत ग. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तुझ्या दाराची कडी वाजली. तू बनियन आणि लुंगीवर उंबऱ्यात उभा होतास. आठ वर्षांनी तू माझ्याशी बोललास, आणि पहिले शब्द काय, तर "ओठ आवळ, मंजुळा."

मी आवळले. पण रडताना ओठ आवळता येत नाहीत, हे तू एकाही पत्रात लिहिलं नव्हतंस. ट्रम्पेटमधून जे काही निघालं त्याला नाव नाही. राघो ड्रम वाजवतच राहिला, त्याला थांबायचं कधी कळतं.

करिश्मा सासरी सुखात आहे. काल फोनवर म्हणाली, मामाने माझ्या तोंडाला जेवढी हळद फासली तेवढी कोणी फासली नाही, अजून कानामागे निघते.

मंजुळा


कोपरी
१८ फेब्रुवारी २०२६

मंजुळा,

आशीर्वाद आहेत. बोलणंही आहे.

आता आतलं ऐक. मी दाढी करत होतो. कवळी वाटीत होती आणि वाटी जागेवर नव्हती. गोदाने साफसफाईत उचलली की मुद्दाम, ते ती अजून सांगत नाही. आधी ड्रम ऐकू आला. राघो अजूनही जरा घाईच करतो. तेव्हाच मला कळलं, पण वाटलं, बाहेर जायचंच नाही, थोड्या वेळाने कंटाळून जातील. मग तो सा आला. मंजुळा, माझं ट्रम्पेट मी कुठेही ओळखेन. आठ वर्षांनी ते माझ्याच गल्लीत, माझ्याच चालीत, मला न्यायला आलं होतं. मी खाटेवर बसलो आणि माझी बोटं गुडघ्यावर आपोआप चालायला लागली. प ला मोकळी, ध ला पहिलं-दुसरं. आणि तू ग वाजवलास.

पहिल्यांदा सोडून दिलं. दुसऱ्यांदा दात-ओठ खायची वेळ आली तर दात वाटीत. तिसऱ्यांदा मला बसवेना. समोर शिकणारा चुकतोय आणि मास्तर आत बसलाय, हे मला जमणारं नाही. दार उघडलं, बोललो, आणि तोंड मिटल्यावर लक्षात आलं की सगळ्या गल्लीने माझ्या रिकाम्या हिरड्या बघितल्या. सरस्वती खिडकीत हसली. तर तिच्याही तोंडात पुढचे तीन नाहीत. आठ वर्षं मी कोणापासून तोंड लपवत होतो ते आता मलाच सांगता येत नाही.

संध्याकाळी हळदीत जे व्हायचं तेच झालं. नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेल्या सुदेशच्या मामाने ट्रम्पेट माझ्या हातात दिलं, म्हणाला, मास्तर, एक होऊन जाऊ दे. सगळे टाळ्या वाजवायला लागले. याच एका गोष्टीला मी आठ वर्षं भ्यायलो. मी म्हटलं, माझे दात गेलेत, आता माझी बहीण वाजवते. एवढंच. कोणाला काही वाटलं नाही. तो म्हणाला, मग ताईंना द्या. मी तुला दिलं आणि बाजूला उभा राहून हवेत बोटं दाखवली, आणि तिथे तुझा ध आला. तो तू पत्रात लिहिला नाहीस, म्हणून मी लिहून ठेवतो. चांगला ध होता. ज्या गावाने माझे दात नेले त्याच गावच्या वऱ्हाडासमोर आला, त्यामुळे मला जरा जास्तच आवडला.

तू लिहिलंस की रडताना ओठ आवळता येत नाहीत. त्याला धडा नाही. माझंही त्या दारात तेच झालं होतं, म्हणून तर तेवढे तीनच शब्द बोललो. चौथा आला नसता.

आता रविवारी येत जा. मी वाजवायचो त्या सगळ्या चाली लिहून देतो, तुला येईस्तोवर मी आहे. पत्रंही लिहीत जा, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

ट्रम्पेट तुझ्याकडेच राहू दे. चिंच लावू नको.

तुझा दादा